पोत्यांची शिशाची जुनी सीलं: अक्षरं लागतात, पण गिरणी का सापडत नाही?

मेटल डिटेक्टर घेऊन शेतात, नदीच्या गाळात किंवा जुन्या गोदीच्या भरावात फिरणाऱ्यांना शिशाची छोटी चकती हमखास मिळते. व्यास साधारण १० ते २५ मिलिमीटर, कडेला एक-दोन भोकं, दोन्ही बाजूंना अर्धवट अक्षरं. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या मोठ्या पीठगिरण्या पोत्याचं तोंड सुतळीने बांधायच्या, सुतळीची टोकं अशा चकतीतून ओवायच्या आणि पकडीने चकती दाबून टाकायच्या. पकडीच्या दोन्ही जबड्यांत गिरणीचे ठसे बसवलेले असत. सील किंवा सुतळी तोडल्याशिवाय पोतं उघडता येत नसे, त्यामुळे आतला माल गिरणीतून निघाला तसाच आहे, याची घेणाऱ्याला खात्री असे.

ओळख पटवताना अडचण नेहमी एकाच ठिकाणी येते. चार-पाच अक्षरं लागतात, ती शोधयंत्रात टाकली जातात आणि काहीच हाती लागत नाही, किंवा लागतं ते भलतंच. हेम्पच्या (भांगेच्या जातीच्या झाडाच्या तंतूंच्या) गठ्ठ्याचं सील पिठाचं ठरतं, वीजमीटरचं सील गिरणीच्या नावावर जातं, पिठाच्या प्रतीचा आकडा साल म्हणून नोंदला जातो. या बहुतेक चुकांचं कारण एकच: सुरुवात अक्षरांपासून होते. अक्षरं शेवटी वाचायची असतात. चकती कशी बंद झाली, तिच्यातून काय ओवलं होतं आणि ठसा कुठे सरकला, हे आधी ठरलं की अक्षरांचे शक्य अर्थ खूप कमी उरतात.

पहिलं नुकसान सफाईत होतं

जमिनीतून निघालेल्या शिशावर करडा, तपकिरी किंवा पिवळसर थर असतो. हा थर मळ समजून घासला जातो. प्रत्यक्षात बारीक अक्षरांच्या कडा बऱ्याचदा याच थरात टिकलेल्या असतात आणि खालचा धातू खाल्लेला असतो. थर गेला की मजकूरही गेला, तो पुन्हा मिळत नाही.

व्हिनेगर आणि लिंबाचा रस पूर्ण वर्ज्य. व्हिनेगरमधलं ॲसेटिक आम्ल शिशाशी संयोग पावून विषारी लेड ॲसिटेट तयार करतं आणि गंज पुढेही चालू राहतो. तारेचा ब्रश, टूथपेस्ट, घरगुती इलेक्ट्रोलिसिस हेही नको. डिस्टिल्ड पाणी सुरक्षित वाटतं, पण अगदी मऊ, क्षारविरहित पाणी शिशाला हळूहळू खातं, त्यामुळे त्यात रात्रभर भिजत ठेवू नये. नळाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवायचं, माती मऊ झाली की बांबूच्या काडीचं टोक ओलं करून अक्षरांच्या खाचांतून ती उचलायची, १० पट भिंगाखाली. कठीण ढेकूळ असेल तर त्यावर थेंबभर अल्कोहोल. मातीचा रंग संपून एकसंध करडा किंवा तपकिरी पृष्ठभाग दिसला की थांबायचं.

नायट्राइलचे हातमोजे घालावेत आणि सगळं काम ओलं करावं. कोरड्या ब्रशने उडणारी पांढरी भुकटी शिशाचं कार्बोनेट असते, ती श्वासात जाता कामा नये. लहान मुलं आणि गरोदर स्त्रिया या कामापासून लांबच बऱ्या. जेवणाच्या टेबलावर आणि स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये हे काम करू नये.

दुमडलेलं सील आतली अक्षरं दिसावीत म्हणून उलगडायचा मोह होतो. शिसं मऊ असलं तरी जमिनीत शतकभर पडलेली घडी गंजाने ठिसूळ झालेली असते आणि नेमकी अक्षरांवरच तडकते. ती तशीच राहू द्यावी.

अक्षरांआधी भोकं पाहा

पिठाच्या पोत्याचं सील बहुतेक वेळा एकाच तुकड्याचं असतं. जाडसर चकती, तिच्या जाडीतून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाणारी दोन समांतर भोकं. काही प्रकारांत वरच्या कडेला दोन भोकं आणि आत गाठ बसण्यासाठी पोकळी असते. दाबल्यावर भोकं चपटी होतात, पण कडेकडून पाहिलं की दोन बारीक फटी दिसतात.

भोकाची रुंदी मोजा. सुतळीसाठीचं भोक साधारण २ ते ३ मिलिमीटरचं असतं. एक मिलिमीटरच्या आसपासचं किंवा त्याहून बारीक भोक तारेसाठीचं. भोकात गंजाची लाल रेघ किंवा तांब्याची हिरवट छटा असेल तर तार होती, म्हणजे वीजमीटर, गॅसमीटर किंवा रेल्वे वॅगनचं सील असण्याची शक्यता जास्त. भोकात तंतू दिसले तर ते उपसून काढू नयेत. ताग, हेम्प की जवस हे सूक्ष्मदर्शकाखाली कळू शकतं, आणि सील पोत्याचं होतं याचा तो चांगला पुरावा आहे.

दोन चकत्या एका पट्टीने जोडलेल्या, एकीवरची खुंटी दुसरीच्या भोकातून जाऊन ठोकलेली, अशी रचना असेल तर पिठाचा विचार बाजूला ठेवा. इंग्लंडमध्ये लोकरी कापडाची सरकारी तपासणी होऊन असं सील लागत असे, आणि ती पद्धत १७२४ साली बंद झाली. अशाच दुमडलेल्या रचनेची रशियन सीलं स्कॉटलंड आणि इंग्लंडच्या शेतांत मोठ्या संख्येने मिळतात. ती जवसाच्या आणि हेम्पच्या तंतूंच्या गठ्ठ्यांवरची आहेत. त्यांवर तपासनिसाचं नाव, बंदराची आद्याक्षरं, प्रत आणि बहुधा साल असतं. गिरणीच्या सीलवर साल सहसा नसतं. म्हणून चकतीवर स्पष्ट साल दिसलं की पिठाविषयी शंका घ्यावी.

आणखी एक गल्लत खतांची आणि पेंडीची. ब्रिटनमध्ये ग्वानो (समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचं खत), सुपरफॉस्फेट आणि जनावरांच्या पेंडीची पोतीही अशाच सीलने बंद होत, आणि ती पोती शेतातच उघडली जात. तिथे मिळालेलं एक-तुकडी सील खताचं निघण्याची शक्यता पिठाइतकीच धरावी. ग्वानो, मॅन्युअर, केक असे शब्द किंवा टक्केवारीचं चिन्ह आहे का, ते बघा.

हे शिसंच आहे ना?

नंतरच्या काळातली बरीच सीलं ॲल्युमिनियमची किंवा जस्ताच्या मिश्रधातूची आहेत आणि मातीत सगळी करडीच दिसतात. ०.०१ ग्रॅम दाखवणारा वजनकाटा असेल तर घनता काढायला दोन मिनिटं लागतात.

सील कोरडं तोला. मग काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून काटा शून्य करा आणि सील बारीक दोऱ्याने पाण्यात टांगा, तळाला किंवा काठाला न टेकवता. काटा जो आकडा दाखवेल तेवढं सीलचं घनफळ, घन सेंटिमीटरमध्ये. कोरडं वजन ८.९४ ग्रॅम आणि पाण्यातला आकडा ०.८० असेल तर घनता ११.२ येते. शुद्ध शिशाची ११.३४, कथलाची ७.३, जस्ताची ७.१, ॲल्युमिनियमची २.७. एवढ्या लहान वस्तूत काट्याची ०.०१ची चूकही घनतेत दीडेक दशांशाचा फरक पाडते, त्यामुळे ११ आणि ११.३ यांत भेद करत बसू नये.

आकडा ९ किंवा १० आला तर लगेच मिश्रधातू ठरवू नका. भोकांच्या आतल्या बोगद्यांत हवा अडकली किंवा माती राहिली की घनता कमीच येते. पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकून, सील हलवून बुडबुडे काढा आणि पुन्हा मोजा.

उजेड तिरपा हवा

समोरून फ्लॅश मारलेल्या फोटोत शिशाची अक्षरं सपाट होतात. खोली अंधारी करा, कॅमेरा बरोबर वर धरा आणि टॉर्च पृष्ठभागाशी १० ते २० अंशांच्या कोनात, बाजूने. सील आणि कॅमेरा जागचे हलू न देता टॉर्च आठ दिशांनी फिरवून आठ फोटो घ्या. कुठल्याही अक्षराची जी रेघ उजेडाच्या दिशेला समांतर असते ती दिसत नाही. एकाच फोटोवरून वाचलं की रोमन 'ई' किंवा 'टी' हे 'आय' वाटतं ते त्यामुळेच.

फ्लॅटबेड स्कॅनरही चालतो. काचेवर पारदर्शक फिल्म टाकून १२०० डीपीआयला स्कॅन करा, मग सील पाव वळण फिरवून पुन्हा, असं चारदा. मात्र पातळ, स्वस्त स्कॅनरमध्ये सीआयएस संवेदक असतो आणि काचेपासून मिलिमीटरभर वर असलेली गोष्टही तो धूसर करतो. फुगीर सीलला सीसीडी संवेदकाचा जुना जाडजूड स्कॅनर जास्त उपयोगी.

मजकूर अर्धवट का दिसतो

याची चार-पाच वेगवेगळी कारणं आहेत आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

मजकुराच्या मधोमध एक पट्टा रिकामा असेल आणि तो पट्टा भोकांना समांतर असेल, तर तिथे शब्दांमधली मोकळी जागा नाही. खाली पोकळ बोगदा असल्यामुळे दाबताना तिथला धातू खचला आणि अक्षर उठलंच नाही. ही जागा दोन शब्दांमधली समजून लोक एका शब्दाचे दोन शब्द करतात आणि मग ते दोन्ही कुठेच सापडत नाहीत.

अक्षरांना जास्तीच्या रेघा असतील, 'ई' हे 'बी'सारखं दिसत असेल, तर बाहेरची कडेची रेघ तपासा. ती दुहेरी असेल तर पकड दोनदा दाबली गेली आहे. दोन रेघांमधलं अंतर आणि वळण मोजलं की एक मजकूर दुसऱ्यावर किती सरकला ते कळतं आणि जास्तीच्या रेघा वजा करता येतात.

एका बाजूची अक्षरं पूर्ण आणि दुसऱ्या बाजूची कडेला तुटलेली असतील, तर सील पकडीत मध्यावर ठेवलं गेलं नव्हतं. बऱ्याच ठशांचा व्यास चकतीपेक्षा मोठा असे, तेव्हा काही अक्षरं कधीच उमटलेली नसतात. कितीही घासलं तरी ती येणार नाहीत.

एकाच पकडीचे दोन्ही ठसे जबड्यांत घट्ट बसवलेले असत, म्हणून पुढच्या आणि मागच्या बाजूच्या मजकुरातला कोन त्या पकडीपुरता बहुधा कायम राहतो. भोकांची दिशा मात्र दर सीलला बदलते, कारण सील पकडीत कसंही धरलं जाई. दोन अर्धवट सीलं एकाच गिरणीची आहेत का, हे ठरवताना म्हणून ठशांमधला कोन जुळवायचा, भोकांची दिशा नाही.

किती अक्षरं गहाळ आहेत, ते मोजता येतं

अंदाजाने रिकाम्या जागा भरण्यापेक्षा ही एक आकडेमोड करावी, खूप चुका टळतात. गोलाकार मजकुराची तळरेषा म्हणजे वर्तुळाचा तुकडा. त्या तुकड्याच्या दोन टोकांमधलं सरळ अंतर मोजा, मग त्या सरळ रेषेच्या मध्यापासून कंसाची उंची मोजा. फोटोत मिलिमीटरची पट्टी ठेवलेली असेल तर हे संगणकावर जास्त अचूक होतं.

समजा सरळ अंतर ९ मिलिमीटर आणि उंची १.३ मिलिमीटर. अंतराचा वर्ग भागिले उंचीची आठपट, अधिक उंचीचा अर्धा भाग: ८१ भागिले १०.४ म्हणजे ७.७९, त्यात ०.६५ मिळवले की त्रिज्या ८.४४ मिलिमीटर. पूर्ण वर्तुळाचा परीघ ५३ मिलिमीटर. आता शेजारच्या दोन अक्षरांच्या मध्यांमधलं अंतर मोजा, एकाच जोडीचं नाही तर चार-पाच अक्षरांची सरासरी. ते २.१ मिलिमीटर असेल तर पूर्ण वर्तुळात सुमारे २५ जागा आहेत, त्यात शब्दांमधल्या मोकळ्या जागा आणि चांदणीसारखी चिन्हंही आली.

सात अक्षरं वाचता आली असतील तर अठरा जागा बाकी. 'दोन अक्षरांची आद्याक्षरं आणि गाव' असा अंदाज बांधला असेल तर तो इथेच फसतो, कारण अठरा जागांत आडनाव, 'आणि पुत्र', 'वाफेची गिरणी' असं बरंच काही बसतं. उंचीच्या मोजमापात ०.१ मिलिमीटरची चूक झाली तरी त्रिज्या अर्ध्या मिलिमीटरने बदलते आणि जागा दीड-दोनने. म्हणून उत्तर '२३ ते २७' असं पल्ल्यात लिहावं.

अक्षरं उलटी आहेत, की लिपी वेगळी आहे?

आरशातल्यासारखा दिसणारा 'एन' किंवा 'आर' आढळला की ठसा उलटा कोरला गेला असं समजलं जातं. सिरिलिक लिपीत तशी अक्षरं मुळातच आहेत. फरक ओळखायची सोपी चाचणी: त्याच सीलवर रोमन 'ई', 'के', 'बी' किंवा 'सी'सारखी अक्षरं शोधा. ती नेहमीप्रमाणे उजवीकडे उघडत असतील आणि फक्त 'एन' किंवा 'आर' उलटे असतील तर लिपी सिरिलिक. तीही डावीकडे उघडत असतील तर मजकूर खरोखर उलटा आहे. मग आधी हे तपासा की तुम्ही सीलवर फॉइल दाबून घेतलेला ठसा मागच्या बाजूने तर पाहत नाही, किंवा फोनच्या सेल्फी कॅमेऱ्याने फोटो उलटवला तर नाही.

सिरिलिकमधला मोठा सापळा सरळ दिसणाऱ्या अक्षरांचा आहे. रोमन 'एच'सारखं दिसणारं अक्षर 'न' असतं, 'पी'सारखं 'र', 'सी'सारखं 'स', 'बी'सारखं 'व'. सीलवर सी-ए-पी-ए-टी-ओ-बी अशी अक्षरं स्पष्ट दिसतात, आणि 'कापाटॉब' नावाची गिरणी जगात कुठेच मिळत नाही. ते सारातोव आहे. सी-ए-एम-ए-पी-ए दिसलं तर समारा. व्होल्गाकाठची ही दोन्ही शहरं दळणाची मोठी केंद्रं होती. सारातोवमध्ये श्मिट बंधू, बोरेल आणि रायनेके या व्होल्गाकाठच्या जर्मन घराण्यांच्या गिरण्या होत्या, तर निझ्नी नोव्गोरोदमध्ये बाश्किरोव घराण्याच्या.

शहराच्या किंवा मालकाच्या नावाच्या शेवटी, व्यंजनानंतर, डोक्यावर डावीकडे शेंडी असलेलं लहान 'बी'सारखं चिन्ह असेल, तर सील बहुधा १९१८ च्या शुद्धलेखन सुधारणेआधीचं. त्या चिन्हाला उच्चार नाही. ते अक्षर धरून शोधलं तर आजच्या लेखनातलं नाव जुळणार नाही, म्हणून शोध दोन्ही प्रकारे घ्या.

'गिरणी' हा शब्द कोणत्या भाषेत आहे

गिरणीसाठीचा शब्द सापडला की देश जवळजवळ ठरतो. एम-ए-एल-ओ-एम हा हंगेरियन 'मालोम'. त्याआधी 'ग्योझ' असेल तर वाफेची, 'हेंगर' असेल तर रोलरची, म्हणजे जात्याच्या दगडांऐवजी रोलरांनी दळणारी गिरणी. जर्मन सीलवर 'म्यूले', आणि त्याआधी 'डाम्फ' (वाफ), 'वाल्ट्स' (रोलर) किंवा 'कुन्स्ट' (सुधारित, यांत्रिक). फ्रेंचमध्ये 'मूलाँ' किंवा 'मिनोतरी', इटालियनमध्ये 'मोलीनो' किंवा 'मुलीनो', पोलिशमध्ये 'म्विन', चेकमध्ये 'म्लीन', रोमानियनमध्ये 'मोआरा', स्वीडिशमध्ये 'क्वार्न', डॅनिशमध्ये 'म्योले', रशियनमध्ये 'मेल्नित्सा'. बऱ्याचदा शब्दाचं पहिलं अक्षरच असतं. म्हणून शेवटच्या आद्याक्षरापाशी अडलात तर ते व्यक्तीचं न धरता 'गिरणी'चं धरून पाहा. बरीच अडलेली सीलं इथे सुटतात.

रोलरचा उल्लेख कालनिर्णयाला फसवतो. आंद्राश मेखवार्ट या अभियंत्याने बुडापेस्टच्या गान्झ कारखान्यात ओतीव लोखंडाच्या कडक रोलरांचं यंत्र १८७४ साली आणलं, म्हणून 'हेंगरमालोम' लिहिलेलं प्रत्येक सील त्यानंतरचं, असं मानलं जातं. पण पेस्टमध्ये (आजच्या बुडापेस्टचा एक भाग) १८४०च्या सुमारासच त्या नावाची गिरणी उभी राहिली होती. इंग्लंडमध्ये हा निकष जास्त चालतो. तिथे हेन्री सायमन या अभियंत्याने मँचेस्टरच्या मॅक्डूगल यांच्या गिरणीत रोलरांचा पूर्ण संच १८७८ साली बसवला आणि 'रोलर मिल्स' हे नाव त्यानंतरच सर्रास दिसतं.

मधला आकडा म्हणजे साल नव्हे

मध्यावरचा एकटा आकडा बहुतेकदा पिठाची प्रत असते. बुडापेस्टच्या गिरण्या पीठ साधारण ० ते ८ अशा क्रमांकांत विकत, ० सगळ्यात पांढरं आणि बारीक. दोन शून्यं एकमेकांत मिसळून ८ दिसू शकतात. मधल्या छेदाजवळ दोन्ही बाजूंना खाच आहे की दोन वेगळ्या वर्तुळांच्या भिंती चिकटल्या आहेत, ते तिरप्या उजेडात पाहा. ०० आणि ८ ही प्रतीची दोन टोकं आहेत. तीन-चार आकडी ५५० किंवा १०५० असेल आणि मजकूर जर्मन असेल, तर ती पिठातल्या राखेवरून ठरणारी प्रत आहे आणि सील विसाव्या शतकातलं.

काही वेळा आकडा वजनाचा असतो. ब्रिटिश पिठाचं पूर्ण पोतं २८० पौंडांचं, म्हणजे १२७ किलोचं, आणि अर्धं १४० पौंडांचं. रशियात ५ पुडांचं पोतं चाले, म्हणजे सुमारे ८२ किलो. २८०, १४० किंवा ५ दिसलं की आधी वजन म्हणून तपासा. नुसता ५ हंगेरियन सीलवर असेल तर मात्र प्रतच.

काळ ठरवायला शहरांची आणि कंपन्यांची नावं

नाव बदललेली शहरं इथे फार कामाची. बुडा, ओबुडा आणि पेस्ट १८७३ मध्ये एकत्र आली, म्हणून 'बुडापेस्ट' लिहिलेलं सील त्याआधीचं असणं कठीण, आणि नुसतं 'पेस्ट' हा जुन्या काळाकडे बोट दाखवणारा पुरावा. सेंट पीटर्सबर्गचं १९१४ मध्ये पेत्रोग्राद आणि १९२४ मध्ये लेनिनग्राद झालं. त्सारित्सिन (आजचं व्होल्गोग्राड) हे नाव १९२५ पर्यंतच होतं. क्रिस्टियानियाचं ओस्लो १९२५ मध्ये. ब्रेस्लाऊ, डान्झिग आणि श्टेटिन ही जर्मन नावं १९४५ नंतर गेली.

कंपनीच्या शेपटातूनही खालची मर्यादा मिळते. इंग्रजी 'लिमिटेड' १८५५ च्या कायद्यानंतरचं. जर्मन 'जीएमबीएच' (मर्यादित जबाबदारीची कंपनी) १८९२ नंतरचं. जर्मन 'अक्टिएन' (शेअर, भागभांडवली कंपनीच्या नावात येतो) हा शब्द 'सी'ने लिहिला असेल तर १९०१ च्या शुद्धलेखन नियमांआधीचा असू शकतो, पण जुन्या कंपन्यांनी नोंदलेलं नाव पुढेही तसंच ठेवलं, त्यामुळे हा पुरावा एकट्याने पुरत नाही.

सील सापडलेल्या जागेवरून गिरणी शोधणं हीही नेहमीची चूक. पोतं जिथे उघडलं गेलं तिथे सील पडतं. हंगेरियन पीठ ब्रिटनमध्ये आणि थेट ब्राझीलपर्यंत जात असे. शिवाय शहरांतला कचरा खत म्हणून शेतात पसरला जाई, त्यामुळे ज्या शेतात पिठाचं पोतं कधी गेलंच नाही तिथेही सील निघतं.

शोध कुठे आणि कसा घ्यायचा

इथवर देश, भाषा, साधारण काळ आणि अक्षरांच्या जागा हातात आलेल्या असतात. आता जुन्या व्यापारी निर्देशिका आणि वर्तमानपत्रांतल्या जाहिराती उघडायच्या. ऑस्ट्रिया-हंगेरीसाठी ऑस्ट्रियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा 'आनो' हा ऑनलाइन संग्रह, फ्रान्ससाठी तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा 'गालिका'. ब्रिटनमध्ये मिळालेल्या सीलसाठी १९९७ पासून चालू असलेल्या पोर्टेबल ॲन्टिक्विटीज स्कीमच्या (लोकांना सापडलेल्या जुन्या वस्तू नोंदवणारी योजना) नोंदींत आधी तोच ठसा पाहा. गिरण्यांच्या कागदपत्रांसाठी इंग्लंडमधल्या रेडिंगचं मिल्स आर्काइव्ह आहे.

जर्मन भाषेतली जुनी वर्तमानपत्रं फ्राक्टुर या जुन्या, टोकदार वळणाच्या टाइपात छापलेली आहेत. संगणक त्यातला लांब 'एस' हा 'एफ' म्हणून वाचतो. आडनावात 'एस' असेल तर 'एफ' घालूनही शोध घ्या, नाहीतर समोर असलेली जाहिरात निकालांत येणार नाही.

नाव मिळालं तरी ते जागांच्या हिशेबात बसतं का, ते तपासा. २५ जागांच्या वर्तुळात १४ अक्षरांचं नाव बसवायला निम्मं वर्तुळ रिकामं ठेवावं लागत असेल तर ती गिरणी तुमची नाही, गाव जुळत असलं तरी.

नोंद आणि साठवण

दोन दिशांनी व्यास, जाडी, ०.०१ ग्रॅमपर्यंत वजन, भोकांची संख्या आणि रुंदी, दोन्ही बाजूंच्या मजकुरातला कोन. मजकूर लिहिताना खात्रीची अक्षरं तशीच लिहा, शंकास्पद अक्षराखाली टिंब द्या आणि गहाळ अक्षरं चौकटी कंसात, जागांच्या संख्येसह. आपण भरलेली अक्षरं आणि सीलवर दिसणारी अक्षरं एकदा मिसळली की पुढच्या वाचकाला ती वेगळी करता येत नाहीत, आणि इंटरनेटवर फिरणाऱ्या बऱ्याच चुकीच्या ओळखी अशाच जन्मल्या आहेत.

सीलं ओकच्या लाकडी खणात, एमडीएफच्या पेटीत किंवा साध्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवू नयेत. त्यांतून निघणाऱ्या ॲसेटिक आम्लाच्या वाफेने काही महिन्यांत पांढरी भुकटी येऊ लागते आणि वाचलेली अक्षरंही नाहीशी होतात. पॉलिप्रॉपिलीनची झाकणबंद डबी, प्रत्येक सीलला वेगळी पॉलिथीनची पिशवी आणि सोबत सिलिका जेल पुरेसं आहे. पीव्हीसीची पाकिटं टाळा. भुकटी आलीच तर सील वेगळं काढा, डबी बदला, आणि ती पुसायच्या आधी फोटो घ्या.

काही सीलांवर नावच नसतं. लहान गिरण्या तयार मिळणारे ठसे वापरत: चांदणी, जाळी, नुसता आकडा. ती 'पोत्याचं सील, गिरणी अनिर्णीत' अशीच नोंदवायची, पण मोजमापं आणि आठही फोटो पूर्ण ठेवून. त्याच ठशाचं दुसरं सील नाव छापलेल्या पोत्याच्या चिंधीसह किंवा गिरणीच्या आवारात मिळालं, तर कोन आणि व्यास जुळवून तुमचं सील त्या गिरणीशी जोडता येतं.